दातापाशी लावलेलं झुडूप

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला झाडांचा नाद असू नये असा काही नियम नाही, पण ताईला पन्नाशी उलटेपर्यंत तो नव्हता. तिचा सगळा जन्म साच्यांत, मेणात आणि प्लास्टरच्या धुरळ्यात गेला होता. धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. रस्त्याच्या बाजूला त्याचा दवाखाना, मागच्या खोलीत ताईची लॅब आणि वरच्या मजल्यावर दोघांची घरं. भाऊ लोकांच्या तोंडात हात घालून माप घ्यायचा, ते माप ताईच्या टेबलावर यायचं, आणि पुढचं सगळं तिचं. कोणाचे दात किती पिवळट ठेवायचे, कोणाचा एखादा दात केसभर तिरका बसवला तर हसू खरं वाटेल, हे तिला माणूस न बघताही उमगायचं. "डॉक्टर दात काढतो, ताई परत देते," असं गल्लीत म्हणायचे. डॉक्टरला त्याचा राग नव्हता. सेहेचाळीस वर्षांचा, चांगला भरलेला तो गडी ताईसाठी अजून छोट्याच होता.

झुडूप आलं ते एका पेशंट मावशीच्या पिशवीतून. मावशी बस डेपोच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. दोन ठिकाणी कवळी करून फसली होती. ताईने केलेली मात्र पहिल्याच दिवशी बसली. मुलीकडे कायमची राहायला जायच्या आधी ती निरोप घ्यायला आली आणि कागदात गुंडाळलेली एक काठी टेबलावर ठेवली. अंगठ्याएवढी जाड, हिरवट-करडी, दोन-तीन डोळे असलेली.

"लाव मागच्या अंगणात. ऊन लागू दे, पाणी साचू देऊ नको. हिवाळ्यात बघ काय होतं ते."

"पण हे आहे काय, मावशी?"

"आमच्याकडे कोणी त्याला नाव ठेवलंच नाही," मावशी नवे दात दाखवत म्हणाली. "नावं ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं."

ती गेली, आणि जाताना पत्ता द्यायला विसरली.

ताईने काठी कुंपणाच्या भिंतीलगत रोवली. जागा निवडायला फारसा वाव नव्हता. अंगणात एक पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची तार, आणि गल्लीकडच्या कोपऱ्यात डॉक्टरच्या दाताचा उंच खांब. हा दात म्हणजे डॉक्टरचा जीव की प्राण. दवाखाना काढला तेव्हा त्याने तो हौसेने बनवून घेतला होता. खांबाच्या टोकावर कमरेइतकी उंच, पांढऱ्या प्लास्टिकची दाढ, दोन मुळं असलेली, आत दिवे. अंधार पडला की आपोआप लागायची, उजाडलं की विझायची. आख्खी गल्ली तिच्यावरून पत्ता सांगायची: दातापाशी डावीकडे वळा, दाताच्या समोरचं घर.

पंधरा दिवसांत काठीला कोंब आले. मग मात्र त्या झाडाने जे मनावर घेतलं ते घेतलं. पहिल्याच वर्षी ते ताईच्या डोक्यावर गेलं. पानं तरी केवढी! ताटाएवढी, कडेने खोल कातरलेली, हाताला खरखरीत. एकाच पेरावर दोन पानं समोरासमोर. खोडं सरळ बांबूसारखी उभी, आत भेंडासारखा पांढरा मऊ गाभा. वारा आला की ती कटकन मोडायची, म्हणून ताईने गज रोवून त्यांना जुन्या पट्ट्यांनी बांधलं. हिवाळा आला. ताई रोज सकाळी चहाचा कप घेऊन शेंड्याशेंड्याला बघायची. फक्त पानं. दुसरा हिवाळाही तसाच गेला.

"ताई, हे फुलझाड नाही, पानझाड आहे," डॉक्टर म्हणायचा. "त्या मावशीने तुला टोपी घातली."

"जिचे दात मी बसवले ती मला खोटं बोलणार नाही, छोट्या."

"दातांचा आणि खऱ्या-खोट्याचा काय संबंध? मी रोज बघतो, 'दोनदा ब्रश करतो' म्हणणाऱ्यांचे दात."

याच सुमाराला बाई आल्या. बाई म्हणजे कॉलेजात तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, काठीसारख्या बारीक आणि तितक्याच ताठ. त्यांची खालची कवळी टोचत होती. ताईने घासून दिली. आठ दिवसांनी परत टोचली. परत घासली. पाचव्या खेपेला ताईच्या लक्षात आलं की कवळी आता कुठेही टोचत नाही. बाई कवळी दाखवायच्या निमित्ताने येतात आणि खिडकीतून अंगणाकडे बघत बसतात.

"ते काय लावलंयस गं?" बाईंनी शेवटी विचारलंच.

"तेच तुम्ही सांगा. मला दोन वर्षं कोणी सांगत नाहीये."

बाई अंगणात गेल्या. पान चुरगळून वास घेतला, पेर मोजलं, देठ दाबून पाहिला, मोडलेल्या खोडाचा गाभा नखाने टोकरला. मग म्हणाल्या, "समोरासमोर पानं, हा वास, हा गाभा. मला वाटतं हे शेवंती-सूर्यफुलाच्या घराण्यातलं असावं. पण छातीठोकपणे नाही सांगणार. फूल बघितल्याशिवाय झाडाचं नाव सांगणं म्हणजे नुसत्या पाठीवरून माणूस ओळखणं. दहातली नऊ वेळा ओळखतो, आणि दहाव्या वेळी भलत्याच माणसाच्या पाठीत धपाटा घालतो."

"पण हे झुडूप, बाई! शेवंती गुडघ्याएवढी असते."

"त्या घराण्यात गुडघ्याएवढे आहेत, कमरेएवढे आहेत, झाडाएवढेही आहेत. तुमच्या घरात नाहीत का, तू एवढीशी नि तुझा भाऊ एवढा."

त्या दिवसापासून बाईंनी कवळीचं निमित्त सोडलं आणि सरळ चहाला यायला लागल्या. खत बदलून पाहिलं, पाणी कमी करून पाहिलं, हिवाळा सरल्यावर झुडूप गुडघ्यापर्यंत छाटून पाहिलं. छाटलेल्या काठ्या फेकवेनात, म्हणून ताईने मागेल त्याला वाटल्या. बहुतेकांनी नेल्या नि विसरले. पलीकडच्या रस्त्यावरच्या लाँड्रीवाल्या काकांनी मात्र दोन नेल्या. ते डॉक्टरचे पांढरे कोट धुवायला न्यायचे आणि कधी कोणाला नाही म्हणायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी झुडूप दुप्पट जोमाने वर आलं आणि डॉक्टरने विषय काढला. त्याला एक्स-रेच्या नव्या मशीनसाठी खोली बांधायची होती, आणि जागा म्हणजे नेमका तोच कोपरा.

"या हिवाळ्यापर्यंत थांबतो," तो म्हणाला. "फुललं तर तुझं. नाही फुललं तर माझं. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिने मेणात पुढचे दोन दात उलटसुलट बसवले आणि ते तिला संध्याकाळी कळलं. अशी चूक तिच्या हातून वीस वर्षांत झाली नव्हती.

हिवाळा लागला. दिवस आखूड झाले. झुडपाचे शेंडे दाताच्या बरोबरीला आले, आणि कळीचा पत्ता नाही.

मग एका दुपारी लाँड्रीवाले काका धुतलेल्या कोटांचं बंडल घेऊन आले. ताई तेव्हा जबड्याच्या स्टँडवर वरचे नि खालचे दात जुळवत होती. काकांनी बंडल टेबलावर ठेवलं. दोरीत एक फूल खोचलेलं होतं. पांढऱ्या लांबट पाकळ्या, मध्ये पिवळी टिकली, बशीएवढं.

"ताई, तुमच्या काठीने दिलंय," काका म्हणाले. "म्हटलं, पहिलं मालकिणीला दाखवावं. आणखी खूप आहेत. मोजायला बसलो होतो, सोडून दिलं."

ताईच्या हातातलं मेणाचं पातं तिथंच राहिलं. तिला आनंद झाला, यात काही शंका नाही. पण त्या आनंदाच्या आत कुठेतरी बारीकसं टोचलंही. तीन वर्षं जिने गज रोवले, पट्ट्या बांधल्या, थंडीत कुडकुडत शेंडे तपासले, तिच्या अंगणात नुसती पानं. आणि काकांनी लाँड्रीच्या मागे काठी खुपसून पाठ फिरवली, तर तिथे हे वैभव.

"काका, तुम्ही त्याला घालता तरी काय?"

"काही नाही हो. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी. कधी तेही नाही."

ताईने बाईंना फोन केला. बाईंनी "आले" एवढंच म्हणून फोन ठेवला आणि वीस मिनिटांत, एका पायात घरातली चप्पल नि दुसऱ्या पायात बाहेरची अशा अवतारात, हजर झाल्या. तिघं लाँड्रीत गेले. पुढे बॉयलर, वाफ, साबणाचा वास. मागचं दार उघडलं आणि ताई उंबऱ्यावरच थांबली. वाळत घातलेल्या चादरींच्या रांगेपलीकडे तिचं झुडूप उभं होतं. पानं तीच, खोडं तीच, पण माथ्यावर पांढऱ्या फुलांचे झुबकेच्या झुबके, वजनाने वाकलेले. मधमाश्यांचा नुसता बाजार भरला होता.

बाईंनी एक फूल तोडलं, पिंपावर पांढरा रुमाल पसरला आणि पिशवीतून भिंग काढलं.

"निघताना तुझं ते मेण कोरायचं पातं घे म्हटलं होतं, आणलंस?"

ताईने खिशातून काढून दिलं. बाईंनी फुलाचे मधोमध दोन भाग केले आणि भिंग तिच्या हातात दिलं. "बघ. काय दिसतं?"

ताईने डोळा लावला. आयुष्यभर बारीक गोष्टी बघितलेला तो डोळा होता. मधली पिवळी टिकली म्हणजे टिकली नव्हतीच. शेकडो चिमुकली नळीसारखी फुलं दाटीवाटीने उभी होती, एकेकाला पाच टोकांचं तोंड. आणि बाहेरची प्रत्येक पांढरी पाकळी हेसुद्धा एक वेगळं फूल, एकाच बाजूने जीभ बाहेर काढलेलं.

"बाई, हे एक फूल नाही!"

"नाहीच. हा मोहल्ला आहे. आपण सगळे त्याला एक फूल म्हणतो." बाईंचा आवाज वर्गातला झाला होता. "मधली कामकरी, बाहेरची नुसती पाटी घेऊन उभी, माश्यांना बोलवायला. हीच त्या घराण्याची खूण. शेवंती, सूर्यफूल, झेंडू, सगळे असेच. घराणं पक्कं. आता वंश. तो बिया धरल्यावर सांगेन."

"म्हणजे अजून थांबायचं?"

"तीन वर्षं थांबलीस ना? मग सहा आठवड्यांनी काय बिघडतंय?"

हिवाळ्यातली संध्याकाळ, बघता बघता अंधारलं. चादरी काढून काका म्हणाले, "सांभाळून या हं, पायरी आहे. मागे दिवा नाही आपल्याकडे. गरजच पडत नाही, सहाला बंद करतो." ताई भिंतीला हात लावत लावत बाहेर आली. पुढे तिघं कोपऱ्यावर वळले आणि समोर, घरांच्या वरून, डॉक्टरचा दात लख्ख दिसला.

ताई चालायची थांबली. कुंपणावरून वर आलेलं तिचं झुडूप त्या उजेडात न्हाऊन निघालं होतं. एकेका पानाची शीर मोजून घ्यावी इतका प्रकाश.

"बाई," ती हळूच म्हणाली, "झाडाला झोप लागते का हो?"

बाईंनी दाताकडे बघितलं, झुडपाकडे बघितलं, आणि मग कपाळावर हात मारला. सगळी गल्ली ऐकेल असा.

"तीस वर्षं शिकवलं मी हे! फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं! काही झाडं रात्र मोजतात, ताई. रात्र लांब झाली की त्यांना कळतं, फुलायची वेळ झाली. शेवंतीवाले शेतात दिवे लावून फुलं लांबवतात, हे पोरांना परीक्षेत विचारायचे मी. आणि तुझ्या अंगणात बसून वर्षभर चहा प्यायले, त्या दाढेखाली!"

"काखेत कळसा," काका म्हणाले.

"डोक्यावर दाढ," बाई म्हणाल्या, आणि तिघंही रस्त्यात उभं राहून खो खो हसले.

पण हसून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई झुडपाच्या मागे, टाकीच्या फटीत शिरली. तिथे एक खालची फांदी होती. टाकीची सावली तिच्यावर पडायची, दाताचा उजेड तिथवर पोचायचा नाही. ताईने पानं बाजूला केली. फांदीच्या टोकाला मटारएवढ्या तीन कळ्या होत्या. तिथंच, कोळिष्टकांत, ती दोन मिनिटं बसून राहिली. मग डॉक्टरला हाक मारली.

डॉक्टरने त्या फटीत शिरायचा प्रयत्न केला, पोट आडवं आलं, म्हणून ताईने आरसा धरून त्याला कळ्या दाखवल्या. तोच, दाढेची मागची बाजू बघायचा छोटा आरसा.

"हं," तो म्हणाला. "आहेत खऱ्या."

"म्हणजे फुललं. शब्द दिलायस."

"फुललं कुठे? तीन कळ्या! उंटाच्या तोंडात जिरं."

"छोट्या, दात बंद ठेव रात्रीचा. पुढच्या वर्षी, दिवस आखूड व्हायला लागले की दोन-तीन महिने."

डॉक्टरचा चेहरा असा झाला की जणू त्याचाच दात उपटायला सांगितला. "दात बंद? लोक म्हणतील दवाखाना बुडाला. लोक रस्ता चुकतील! ताई, तू दुसरं काहीही माग."

दाताच्या कण्या होईपर्यंत ताईने समजावलं. बाईंनी समजावलं. तो एवढंच कबूल झाला की एक्स-रेची खोली वर्षभर लांबणीवर. दात मात्र जळत राहणार.

भावजय शहाणी होती. ती म्हणाली, "वन्सं, दात पुढून दिसला म्हणजे झालं ना? मागून काळं कापड बांधू या." बांधलं. दोन दिवसांत वाऱ्याने त्याची एक गाठ सुटून ते हनुवटीखाली लोंबायला लागलं, आणि दाढ दुखतेय म्हणून फडकं बांधून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा तो दात दिसू लागला. पेशंट आत येण्याआधीच हसत यायचे. डॉक्टरने स्वतः शिडीवर चढून ते फडकं काढलं.

त्या आठवड्यात ताई एका पेशंटच्या दाढेसाठी कॅप बनवत होती. साचा हातात घेऊन तिने तो खिडकीसमोर धरला. साच्याच्या मागे अंगण, अंगणात दात. तिने साच्याकडे बघितलं, मग दाताकडे.

"छोट्या," तिने भिंतीवर ठोकून हाक मारली. "तुझ्या दाताला कॅप बसवू का?"

पलीकडे पेशंटच्या तोंडात यंत्र चालू होतं ते थांबलं. "कुठल्या दाताला? माझे सगळे चांगले आहेत."

"बाहेरच्या. मागच्या अर्ध्या भागाला. पुढून जसा आहे तसा, मागून बंद. शोभा जाणार नाही, माझी जबाबदारी."

मग डॉक्टर हसायला लागला, आणि पेशंटही, तोंडात कापूस असताना जमेल तेवढं.

कॅपचं काम ताईने आयुष्यातल्या कुठल्याही कामाइतकं मन लावून केलं. दाताच्या मागच्या बाजूवर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या पट्ट्या चढवून माप घेतलं. गाड्यांचे पत्रे नि फायबर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून काचेचं कापड आणि राळेचा डबा आणला, आणि थरावर थर देत एक कवच घडवलं. बाहेरून दाताच्या रंगाचं, आतून काळंकुट्ट. रंग निवडताना तिने रंगांचे नमुने दाताला लावून पाहिले, अगदी पेशंटला लावतात तसे. पहिल्या बसवणीला कवच आवळ झालं. घासलं. दुसऱ्या वेळी बसलं, पण अंधार पडल्यावर अंगणात उभं राहून पाहिलं तर खालच्या कडेने उजेडाच्या दोन रेघा गळत होत्या. ताईने चावा तपासायचा निळा कागद कडेला धरून कुठे टेकतंय, कुठे फट आहे ते बघितलं. परत घासलं, परत भरलं.

तिसऱ्या वेळी डॉक्टर शिडीवर, हातमोजे घालून. खाली बाई, काका, भावजय आणि रांगेतले दोन पेशंट.

"आ करा," डॉक्टर दाताला म्हणाला, आणि कॅप दाबली. खटकन बसली. "आता दोन तास काही खायचं नाही."

संध्याकाळी दात लागला. रस्त्यावरून तसाच लख्ख. अंगणात मात्र अंधार, असा की ताईला दोरीवरचा टॉवेल शोधायला हात चाचपावे लागले.

मधल्या काळात काकांच्या झुडपाच्या फुलांनी बी धरलं. सुकलेले गेंद कागदी खवल्यांनी फुगले होते. बाईंनी ते रुमालावर चुरले, भिंगाने बघितले. बियांना वाऱ्यावर उडायचं पिसांचं छत्र नव्हतं, आणि प्रत्येक बी आपल्या खवल्यात झोपल्यासारखं गुंडाळलेलं. त्यांनी घरून आणलेलं जाडजूड पुस्तक उघडलं, एकेका ओळीवर बोट ठेवत मुद्दे जुळवले आणि पेनाच्या टोपणाने टेबलावर टक् केलं.

"मोंटानोआ."

"हे नाव आहे की गोळी?" डॉक्टरने दारातून विचारलं. "जेवणाआधी की नंतर?"

"वंशाचं नाव आहे. झुडूप-डेझी म्हण हवं तर. जात कुठली ते नक्की सांगायला अजून मोठ्या माणसांना नमुना पाठवायला हवा. मी आपली वंशापर्यंत." आणि बाई ताईकडे वळल्या. "आता रीतसर लिही. घराणं शेवंतीचं, नाव मोंटानोआ. ओळखणारी मी, शोधणारी तू."

ताईने ते साच्यांच्या वहीत, दोन कवळ्यांच्या मापांच्या मध्ये, चांगल्या अक्षरात लिहून ठेवलं.

पुढचं वर्ष नेहमीसारखं गेलं. ताईने हिवाळ्याच्या शेवटी झुडूप छाटलं, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा मुळाशी पाणी दिलं, पावसात पाणी साचू नये म्हणून चर काढला. खोडं वर आली, गज रोवले गेले. दिवस आखूड होऊ लागले. शेंडे बघायला जायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते तिने चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी भावजय वरच्या गॅलरीतून ओरडली, "वन्सं! शेंड्यांना काहीतरी गाठी गाठी आल्यात, कीड तर नाही ना?"

कीड नव्हती. वरून बघितल्यावर दिसलं. एकूण एक शेंड्याला कळ्यांचे झुपके, राखट हिरवे, घट्ट मिटलेले. ताई गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. भावजयीने तिच्यासाठी खुर्ची आणली.

तीन आठवड्यांनी ते उमलायला लागलं आणि मग थांबेचना. कुंपणावरून रस्त्यात, टाकीवर, कपड्यांच्या तारेवर, जिथे बघावं तिथे पांढरं. वासावरून घरात भांडण लागलं. डॉक्टर म्हणे चॉकलेटचा, भावजय म्हणे व्हॅनिलाचा, काका म्हणे नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा. बाई म्हणाल्या त्यांना कसलाच वास येत नाही, आणि या वयात येईल अशी अपेक्षाही नाही, पण मधमाश्यांवर त्यांचा विश्वास आहे. भावजयीने फुलदाणीत ठेवायला फांद्या तोडल्या. त्या तासाभरात मान टाकून बसल्या, तेव्हा ठरलं की ज्याला बघायचं त्याने अंगणात यावं.

आणि लोक आले. डॉक्टरने थांबायचं बाकडं उचलून मागे झुडपाखाली ठेवलं. तिथे बसलेले पेशंट नंबर आला तरी उठायचे नाहीत, "आधी यांना घ्या" म्हणायचे. दाढ काढायला आलेली एक पोरगी रडायची विसरून माश्या मोजत बसली. एक्स-रेचं मशीन दवाखान्यातल्या सामानाच्या खोलीत बसवलं गेलं. खोली बांधायचा विषय डॉक्टरने स्वतःहून कधीच काढला नाही. उलट कोणी दवाखान्याचा पत्ता विचारला की तो आता फोनवर सांगायचा, "दातापाशी या. कुठला दात काय विचारता? ज्याच्या मागे फुलं आहेत तो."

"म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ," ताई हसून म्हणाली.

"तुझी फुलं, माझा दात. तंटा मिटला," डॉक्टर म्हणाला आणि हात धुवायला निघून गेला.

एका गुरुवारी दुपारी टेबलावर तीन कवळ्या राहिल्या होत्या, त्यातली एक उद्याची. ताईने दिवा मालवला, ॲप्रन खुंटीला अडकवला. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने भरदिवसा लॅबचं दार लावून घेतलं. अंगणात बाई आधीच बाकड्यावर बसल्या होत्या, मांडीवर भिंग, पण बघत काहीच नव्हत्या, डोळे मिटलेले. ताई त्यांच्या शेजारी बसली. बाईंनी डोळे न उघडताच थोडं सरकून जागा केली. पाकळ्या अधूनमधून गळून दोघींच्या मांडीवर पडत होत्या, आणि झटकायची घाई दोघींपैकी कोणालाच नव्हती.